विश्लेषण : नंबर वाढला की काचबिंदू सुरू झाला? डोळ्यांच्या तपासणीत नेमके काय पाहतात?

नवरात्रात टेंभी नाक्याची रोषणाई पाहताना दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर बहुतेक जण आधी चष्म्याची काच पुसतात. काच पुसूनही कडी तशीच राहिली, तर कारण मोतीबिंदू असू शकते किंवा डोळ्यातला अचानक वाढलेला दाबही. लक्षण एकच, पण आजार दोन आणि उपचारही अगदी वेगळे. पहिल्यात गेलेली दृष्टी बहुतेकदा परत मिळते. दुसऱ्यात गेलेली मिळत नाही.

मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहावी का?

नाही. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयानुसार गढूळ होते, त्याला मोतीबिंदू म्हणतात. कोणत्याही थेंबाने किंवा गोळीने ते पुन्हा स्वच्छ होत नाही. पूर्वी शस्त्रक्रियेत अख्खे भिंग बाहेर काढत आणि नंतर जाड भिंगांचा चष्मा लावावा लागे. तेव्हा थांबण्यात अर्थ होता. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले आणि १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली. आज साधारण अडीच ते तीन मिलीमीटरच्या छेदातून हे काम होते आणि गुंतागुंत नसेल तर टाके लागत नाहीत. उलट मोतीबिंदू फार पिकला तर भिंग कडक होते, शस्त्रक्रिया अवघड होते आणि काही वेळा डोळ्यातला दाबही वाढतो.

एक फसवी खूण लक्षात ठेवा. साठीनंतर एखाद्याचा वाचनाचा चष्मा अचानक सुटतो. घरात कौतुक होते. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा कडक झाल्याने जवळचे तात्पुरते स्पष्ट दिसत असते. ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते.

शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसले की ‘मोतीबिंदू परत आला’ असे म्हणतात. तो परत येत नाही. कृत्रिम भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते आणि लेझरने काही मिनिटांत ती मोकळी करता येते.

मग खरी भीती कशाची?

काचबिंदूची. इथे घरचेच उदाहरण देतो. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या काकांनी दोन वर्षांत तीनदा चष्मा बदलला. प्रत्येक वेळी दुकानातच नंबर काढला आणि प्रत्येक वेळी समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांना वाचता आली. तक्रार एवढीच होती, की स्टेशनच्या पुलावर बाजूने येणारी माणसे दिसत नाहीत, धक्के लागतात. ‘गर्दीच तेवढी असते’, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. नेत्रतज्ज्ञांनी मागची नस तपासली तेव्हा एका डोळ्याच्या नसेचे बरेच नुकसान होऊन गेले होते.

हे कसे घडते? डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातो. हा निचरा अडला की दाब वाढतो. टाकीत पाणी येण्याचा आणि जाण्याचा वेग जुळला नाही की जे होते, तेच. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलीमीटर इतका धरतात. वाढलेला दाब डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेतील दहा लाखांहून अधिक तंतू हळूहळू मारतो. सुरुवात कडेच्या दृष्टीपासून होते, मधली दृष्टी शेवटपर्यंत टिकते. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून तक्ता वाचता येतो आणि माणूस निर्धास्त राहतो.

नुसता दाब मोजूनही भागत नाही. काहींची नस दाब ‘नॉर्मल’ असतानाही खराब होते. त्यामुळे नस प्रत्यक्ष पाहणे, ओसीटी स्कॅन आणि कडेची दृष्टी मोजणारी ‘फील्ड टेस्ट’ या तिन्हींचा एकत्र विचार होतो. फील्ड टेस्टमध्ये दिवा दिसला की बटण दाबायचे असते. पहिल्यांदा सगळेच गोंधळतात, म्हणून डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात. तो खर्च वाढवण्याचा डाव नसतो.

उपचारात आधी थेंब, मग लेझर किंवा शस्त्रक्रिया. यातला प्रत्येक उपाय उरलेली दृष्टी वाचवण्यासाठी असतो, गेलेली आणण्यासाठी नव्हे. थेंब आयुष्यभर आणि ठरल्या वेळी घालावे लागतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण टिमोलॉलसारख्या थेंबांनी श्वासाचा त्रास वाढू शकतो.

तातडीने कधी धावायचे?

काचबिंदूचा एक प्रकार अचानक येतो. डोळा लाल, प्रचंड दुखणे, अर्धे डोके ठणकणे, दिव्यांभोवती कडी आणि सोबत उलट्या. उलट्यांमुळे अनेक जण पित्ताची गोळी घेऊन झोपतात. ती रात्र महागात पडू शकते, तेव्हा रुग्णालयच गाठावे. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके आणि विजेसारखी चमक दिसली किंवा पडदा ओढल्यासारखे वाटले तरीही तेच करा. तिथे दृष्टिपटल सुटल्याची शंका असते.

डोळे आल्यावर केमिस्टकडचे थेंब चालतात का?

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा घरोघरी हेच झाले. साथ बहुधा विषाणूची असते आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरते. स्वच्छता, वेगळा टॉवेल आणि गार शेक पुरतो. अडचण स्टेरॉइड मिसळलेल्या थेंबांची आहे. लाली झटपट जाते, म्हणून तीच बाटली पुढच्या वेळीही आणली जाते. असे थेंब महिनोन्महिने वापरल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिले असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नका.

मधुमेह असेल तर?

टाइप २ मधुमेहाचे निदान होताच दृष्टिपटल तपासावे आणि नंतर दरवर्षी. नीट दिसत असतानाही आतल्या केशवाहिन्यांतून गळती सुरू झालेली असू शकते. वेळेत कळले तर लेझर आणि डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी दृष्टी टिकते.

तपासणी कुठे आणि कशी?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. तरी २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचाच निघाला. ठाणेकर ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात, त्या टेंभी नाक्यावरच्या विठ्ठल सायन्ना रुग्णालयाच्या सेवा पुनर्बांधणीसाठी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आल्या. त्यामुळे जुन्या सवयीने नाक्यावर उतरण्याआधी चौकशी करा.

जाताना जुने चष्म्याचे नंबर, साखरेचे रिपोर्ट आणि सुरू असलेल्या थेंबांच्या बाटल्या सोबत घ्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर तीन-चार तास धूसर दिसते, म्हणून स्कूटर घरी ठेवा.

काचबिंदू घराण्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. काकांच्या निदानानंतर माझ्या वडिलांनी तपासणी केली. दाब १९, नस ठीक, वर्षाने पुन्हा या, असे सांगितले आहे. धाकटे काका मात्र अजून गेलेले नाहीत. ‘मला तर सगळे स्पष्ट दिसते’, असे त्यांचे म्हणणे आहे.