दोन पानांचा म्हातारा आणि मांसाहारी आसवं

पटत नसेल तर उठून दुसरीकडे जायची सोय झाडांना नाही. मग ती जागेनुसार एकेक शक्कल लढवतात.

आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातली वेलविट्शिया घ्या. जन्मभरात पानं फक्त दोन! ती बुडापासून वाढतच राहतात आणि टोकाकडून वाऱ्याने फाटत जातात. लांबून पाहिलं तर कुणीतरी चिंध्यांचं बोचकं फेकून गेल्यासारखं वाटतं. पण यातली काही बोचकी हजार वर्षांहून जुनी आहेत. पाऊस जवळजवळ नाहीच. अटलांटिकवरून येणाऱ्या धुक्याचा तेवढा आधार.

सुमात्राच्या वर्षावनात पाण्याला तोटा नाही, म्हणून तिथल्या रॅफ्लेशियाने कष्टच सोडून दिलेत. तिला खोड नाही, पानं नाहीत, मुळंही नाहीत. द्राक्षाच्या कुळातल्या एका वेलीच्या आत राहून फुकट जेवायचं आणि फुलायचं मात्र थाटात: जवळपास मीटरभर रुंदीचं फूल, सडक्या मांसाच्या वासाचं. माश्या खूश, परागीभवन फत्ते. ही मिजास आठवडाभरच टिकते.

सायबेरियात थंडी उणे पन्नासच्याही खाली जाते. सूचिपर्णी झाडं सदाहरित, असं शाळेत घोकलेलं असतं. तिथला लार्च मात्र हिवाळ्याआधी सुया पिवळ्या करून झाडून टाकतो. जमीन गोठल्यावर पाणी मिळणार कुठून? तेव्हा खर्च कमी.

ऑस्ट्रेलियात बँक्सियाच्या काही जाती बिया वर्षानुवर्षं कुलूपबंद ठेवतात आणि वणवा लागला की उघडतात. राखेची जमीन, भरपूर ऊन, भाऊबंदकी करणारं कुणी नाही.

अंटार्क्टिकाची हजेरी झटपट होते. तिथली मूळची सपुष्प वनस्पती दोनच: एक गवत आणि एक उशीसारखं बुटकं झुडूपवजा रोप.

आणि आपलं कास? साताऱ्याच्या या सड्यावर जांभा दगड, वर मातीचा पातळ थर, त्यातही नायट्रोजनची बोंब. म्हणून काही वनस्पती सरळ मांसाहारी झाल्या. ‘दवबिंदू’ ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडे अडकवते. ‘सीतेची आसवं’ हे नाव ऐकून हळवे होऊ नका; पाणथळ मातीत तिचे इवले फुगे असतात आणि पापणी लवायच्या आत ते सूक्ष्म जीव ओढून घेतात. सप्टेंबरात गेलात तर फोटो काढा हवे तेवढे, पण पायवाट सोडून फुलांत लोळू नका.