मूर्तिकारांच्या इंग्रजी वर्गाचे पाठ्यपुस्तक

पेण तालुक्यातील हमरापूर आणि परिसरातील जोहे, तांबडशेत, कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वत्र ज्ञात आहेत. येथील मूर्ती परदेशीही जातात. ज्याने मूर्तीचे डोळे आखले, त्यालाच ग्राहकाचे इंग्रजी पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले, तर भाव ठरविण्याचे कामही आपसूक त्या दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणूनच अशा प्रौढ कारागिरांना इंग्रजी कसे शिकवावे, ह्याचा आम्ही येथे विचार करीत आहोत. धर्मग्रामात प्रौढांचे वर्ग चालविणाऱ्या बंधुभगिनींनाही तो उपयोगी पडावा.

चाळिशीच्या माणसापुढे पहिलीचे पुस्तक ठेवले, तर तो दोन दिवस येतो आणि तिसऱ्या दिवशी कामाचे निमित्त सांगतो. हा आळस नव्हे, संकोच आहे.

ब्राझीलमधील कॅथलिक शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी ह्यांनी १९६३ साली आंजिकोस येथे सुमारे ३०० श्रमिकांना ४० तासांत साक्षर करण्याचा प्रयोग केला. त्यांच्या पद्धतीत आधी भिंतीवर चित्र दाखवीत, त्यावर चर्चा होई आणि मग अक्षरे येत. चित्रकार फ्रान्सिस्को ब्रेनांद ह्यांनी त्यासाठी काढलेल्या चित्रांत मातीला आकार देणारे कारागीरही होते. आपल्या हातचे काम हीदेखील संस्कृतीच आहे, हे शिकणाऱ्यास प्रथम उमगावे, असा त्यामागील हेतू होता. अर्थात ते स्वभाषेचे शिक्षण होते. परक्या इंग्रजीसाठी ४० तासांची आशा कोणी धरू नये.

हमरापुरात असे चित्र शोधावयास दूर जाणे नको. साचा, शाडूची माती, रंगाच्या डब्यावरील सूचना, खोक्यावरील 'फ्रॅजाइल' आणि 'धिस साइड अप' हीच तेथील शिक्षणसाधने होत. त्यांना मोबाईलची जोड द्यावी. मूर्ती किती इंचांची, मातीची की प्लास्टरची, केव्हा पोहोचेल, हे ग्राहकाचे प्रश्न शिक्षकाने इंग्रजीत ध्वनिमुद्रित करून पाठवावेत. कारागीर हात चालू ठेवून ते ऐकेल, स्वतःचे उत्तर मुद्रित करील, चुकले तर पुसून टाकील. हसणारे कोणी नसते. बांगलादेशात २००९ साली सुरू झालेल्या 'बीबीसी जानाला' उपक्रमात साध्या फोनवर तीन-तीन मिनिटांचे इंग्रजी पाठ ऐकविले जात, ते ह्याच जातीचे. मोठ्या पडद्यावरील चित्रफिती मात्र आम्हांस तितक्या उपयुक्त वाटत नाहीत; त्या पाहताना विद्यार्थी नुसता प्रेक्षक होऊन बसतो.

वर्ग गणेशोत्सवानंतर सुरू करावा. आषाढ-श्रावणात रंगकामाची घाई असते. त्या दिवसांत ध्वनिमुद्रित पाठच तेवढे चालू ठेवावेत.