घराजवळचे रोजचे छायाचित्र : छंदाकडून नोंदीकडे

घराच्या परिसरातील एखादे झाड, एखादी वास्तू, एखादा चौक किंवा मंडईतील नित्याचा व्यवहार यांचे दररोज एक छायाचित्र घेण्याचा छंद मोबाइलमुळे सर्वांच्या आवाक्यात आला आहे. मात्र त्याचा विचार बहुधा सौंदर्याच्या अंगाने होतो आणि चित्र देखणे आले की काम संपले, असे मानले जाते. वस्तुतः अशा छायाचित्रांचे मोल त्यांच्या सातत्यात असते. तारीख, ठिकाण आणि दिशा यांची नोंद असलेली साधी छायाचित्रे एकाच परिसरात वर्षानुवर्षे घेतली गेली, तर त्यांतून ऋतूंचा, इमारतींचा आणि लोकव्यवहाराचा असा तपशील हाती लागतो, जो लेखी कागदपत्रांत क्वचितच सापडतो.

खिडकीतून सुरू झालेली परंपरा

जवळच्या दृश्यावर कॅमेरा रोखण्याची परंपरा छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. कॅमेऱ्याने घेतलेले आणि आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समधील निसेफोर न्येप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतले. त्यासाठी इतका दीर्घकाळ प्रकाश द्यावा लागला, की दरम्यान सूर्य सरकत गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती त्यात उजळलेल्या दिसतात. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ मध्ये तयार केलेल्या आणि आज सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या निगेटिव्हचा विषयही त्यांच्या लॅकॉक अ‍ॅबी या निवासस्थानातील एक खिडकी हाच होता. मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा सहभाग होता. म्हणजे हे तंत्र युरोपात जाहीर झाल्यानंतर जेमतेम पंधरा वर्षांत महाराष्ट्रातील माणसे आपल्या शहराकडे कॅमेऱ्यातून पाहू लागली होती.

परिसराची नोंद हेच ज्यांनी आयुष्यभराचे काम मानले, त्यांत पॅरिसच्या युजीन अत्जे (१८५७–१९२७) यांचे नाव अग्रभागी येते. जुन्या पॅरिसमधील गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी काचा, जिने, अंगणे आणि फेरीवाले यांची हजारो छायाचित्रे त्यांनी अवजड कॅमेऱ्याने काचेच्या निगेटिव्हवर घेतली. ही छायाचित्रे ते चित्रकारांना आणि संग्रहालयांना संदर्भसाहित्य म्हणून विकत आणि स्वतःच्या कामाला दस्तऐवज म्हणत. १९२० मध्ये त्यांच्या अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह फ्रेंच सरकारने विकत घेतल्या, त्याही शहराच्या इतिहासाचे साधन म्हणून. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन यांनी ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ रोजी निधन होईपर्यंत दररोज एक पोलरॉइड छायाचित्र घेतले. पोलरॉइड म्हणजे टिपल्यावर काही मिनिटांत कागदावर उमटणारे छायाचित्र. त्यांच्या सहा हजारांहून अधिक छायाचित्रांपैकी अनेक सुटी पाहिली तर सामान्य वाटतात, पण क्रमाने पाहिल्यावर त्यांतून मित्रमंडळी, घरे, जेवणे आणि शेवटी आजारपण अशी एका आयुष्याची अखंड हकिगत तयार होते.

झाडांचे वेळापत्रक

निसर्गाच्या बाबतीत या सातत्याला शास्त्रीय मोल असते. पालवी फुटणे, फुलणे, फळणे, पानगळ होणे, पक्ष्यांचे आगमन अशा दरवर्षी घडणाऱ्या घटनांच्या तारखांचा आणि हवामानाशी असलेल्या त्यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला फेनॉलॉजी म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल येथील दफनभूमीत ३० मे १८६८ रोजी घेतलेल्या एका छायाचित्रात झाडे निष्पर्ण दिसतात, तर २००५ साली त्याच तारखेला त्याच जागी घेतलेल्या छायाचित्रात ती पानांनी गच्च भरलेली आहेत. वसंत ऋतू अलीकडे सरकत असल्याचे दाखवण्यासाठी अभ्यासकांनी अशा अनेक जुन्या छायाचित्रांचा आधार घेतला. ती घेणाऱ्यांच्या मनात हवामानबदलाचा विषय नव्हता, परंतु त्यांवर तारीख होती आणि तेवढी पुरेशी ठरली. अर्थात एका वर्षाच्या जोडीवरून निष्कर्ष निघत नाही, कारण एखादे वर्ष अपवादात्मक थंड किंवा उष्ण असू शकते; म्हणूनच सलग वर्षांच्या नोंदींची गरज भासते.

महाराष्ट्रातील शहरांत अशा नोंदीसाठी विषयांची वाण नाही. काटेसावर, पळस आणि पांगारा उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात, बहावा आणि राज्यफूल असलेले ताम्हण ऐन उन्हाळ्यात बहरतात, तर सातवीण पावसाळा सरल्यावर तिच्या उग्र गंधासह फुलते. एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ एकाच वेळी पाने गाळत नाहीत. म्हणून ‘पिंपळ’ असे मोघम न लिहिता विशिष्ट झाड निवडणे आणि त्याच झाडाकडे परत परत जाणे आवश्यक ठरते.

वास्तू आणि सूर्याची वाट

वास्तूचे छायाचित्र घेताना तिच्या दर्शनी बाजूची दिशा ठाऊक असणे महत्त्वाचे असते, कारण सूर्याचा मार्ग वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत असतो. पुण्यातील शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. सप्टेंबरमधील विषुवदिनापासून मार्चमधील विषुवदिनापर्यंत सूर्य दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या दक्षिणेला राहत असल्याने या काळात दरवाजाच्या दर्शनी बाजूवर थेट ऊन पडत नाही. मार्चनंतर सकाळ-संध्याकाळचे ऊन तिच्यावर येऊ लागते. मेच्या मध्यास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असल्याने उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच लोपते. तेव्हापासून जुलैअखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेकडेच असतो. पावसाळी ढगांमुळे यातला बराचसा काळ वाया जात असल्याने मेचा उत्तरार्ध आणि जूनचे पहिले दिवसच हाती उरतात, आणि त्या काळात दुपारचे ऊन भिंतीला जवळजवळ समांतर उतरत असल्याने दगडाचा पोत आणि दरवाजावरचे अणकुचीदार खिळे ठळक उठून दिसतात. वर्षभर रोज तेच छायाचित्र घेणाऱ्याला हे सारे कोणतेही पुस्तक न उघडता उमगते.

नित्यव्यवहाराची नोंद

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो रोजचा व्यवहार, कारण जे रोज दिसते ते टिपण्याजोगे वाटत नाही. दुकानांच्या पाट्या, भाजीच्या भावाचे फलक, रिक्षाथांबे, बसचे रंग, सायकलींची संख्या या गोष्टी हळूहळू बदलतात आणि बदल पूर्ण झाल्यावरच त्यांची आठवण होते. खडकवासला धरणातून मुठेत मोठ्या प्रमाणावर पाणी सोडले की पुण्यातील भिडे पूल पाण्याखाली जातो. एकाच जागेवरून घेतलेली त्याची छायाचित्रे एकत्र ठेवली, तर काठावरचे बांधकाम, राडारोडा आणि पाण्याची चढ-उतार यांचा परस्परसंबंध डोळ्यांना दिसू लागतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठच्या वस्त्यांची प्रचंड हानी केली आणि त्यापूर्वीचे तिथले वाडे आज जुन्या छायाचित्रांतूनच पाहता येतात. रोजच्या साध्या नोंदीचे महत्त्व त्यावरून लक्षात यावे.

नोंद टिकावी यासाठी

छायाचित्राला नोंदीचा दर्जा येण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. उभे राहण्याची जागा, कॅमेऱ्याची उंची आणि रोख शक्यतो कायम ठेवावा; जागा थोडी बदलली तरी जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकतात आणि दोन चित्रांची तुलना अवघड होते. मोबाइल प्रकाश आणि रंग आपोआप सुधारतो, त्यामुळे कोवळ्या पालवीची तांबूस छटा किंवा धुरकट हवा मुळाप्रमाणे उमटेलच असे नाही. रंगांत फेरफार करणारे फिल्टर निदान मूळ प्रतीवर वापरू नयेत. डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी दिली असल्यास ठिकाण नोंदवणारी माहिती दडलेली असते, तिला एक्झिफ म्हणतात. संदेशांच्या अ‍ॅपवरून चित्र पाठवताना ती अनेकदा गळून पडते. म्हणून मूळ फाइल जपावी, तिचे नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने द्यावे, एका ओळीची टीप लिहावी आणि प्रती दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात. व्यक्तींचे छायाचित्र त्यांच्या संमतीने घ्यावे, विणीच्या काळात पक्ष्यांच्या घरट्यांजवळ जाऊ नये आणि संरक्षण खात्याच्या हद्दीत छायाचित्रणाला असलेली मनाई पाळावी.

महागड्या कॅमेऱ्याची किंवा दूरच्या प्रवासाची या कामाला गरज नाही. वाचकांनी घराजवळचे एक झाड, एक वास्तू आणि एक चौक निवडून पुढचे एक वर्ष त्यांच्या तारीखवार नोंदीला द्यावे, आणि वर्षअखेरीस तिची एक प्रत गावातील वाचनालयाकडे किंवा शाळेकडे सोपवावी.