होडीचा नांगर

नांगर म्हटलं की आपल्याला शेत आठवतं, बैल आठवतात. पण होडीलासुद्धा नांगर असतो. तो जमीन नांगरत नाही. तो पाण्याखाली जाऊन तळाची माती घट्ट धरतो आणि होडीला एका जागी थांबवतो. त्याचीच माहिती मी या लेखात लिहिली आहे.

आमचे काका मासे धरतात. त्यांची पत्र्याची छोटी होडी आहे. ती लांब आणि चिंचोळी आहे. तिच्यात एकच माणूस बसतो. काका भुईमुगाची पेंड आणि कोंडा कालवून त्याचे गोळे पाण्यात टाकतात. थोड्या वेळाने तिथे रोहू आणि कटला मासे येतात. मग काका गळ टाकतात. पण वारा आला की होडी सरकते. गोळे एकीकडे आणि होडी दुसरीकडे! म्हणून नांगर लागतो.

आधी काकांचा नांगर म्हणजे दोरीला बांधलेला एक मोठा दगड होता. आपल्या गुरुजींनी सांगितलं की पूर्वी समुद्रातली जहाजंसुद्धा दगडाचे नांगर वापरत. असे जुने दगडी नांगर आपल्या कोकणात विजयदुर्गजवळ समुद्रात सापडले आहेत.

मागच्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. काकांनी दगडाची दोरी होडीच्या मधोमध, एका बाजूला बांधली होती. दुपारी एकदम वावटळ आली. वाऱ्याने होडी आडवी झाली. दोरी ताणली आणि होडीची ती बाजू खाली ओढली गेली. पाणी आत आलं. काका गाठ सोडायला गेले, पण ओली गाठ इतकी आवळली होती की सुटेना. होडी उलटली. काकांनी रिकामा तेलाचा डबा धरून ठेवला. दुसऱ्या होडीवाल्यांनी त्यांना काठावर आणलं. काकू काठावर उभी राहून रडत होती. मी पण रडलो.

आमचे आजोबा अमळनेरकडचे. ते अहिराणी बोलतात. ते म्हणाले, "दगड बुडना ते बुडना, माणूस वाचना." मग आजोबा, काका आणि मी, आम्ही तिघांनी नवा नांगर केला.

साहित्य : चार आकड्यांचा लोखंडी नांगर, दोन हात साखळी, लांब दोरी, दोन कप्प्या, एक मोठी लोखंडी कडी, थोडी सुतळी, त्या कडीतून पार जाईल असा छोटा रिकामा तेलाचा डबा आणि एक विळा.

कृती :

१) विहिरीत पडलेली बादली काढायला आकड्यांचा गळ असतो ना, तसाच हा नांगर दिसतो. छोट्या होडीला दीड-दोन किलोचा पुरतो.

२) नांगराला आधी साखळी लावतात आणि साखळीला दोरी. साखळी जड असते म्हणून ती तळाशी आडवी पडून राहते. त्यामुळे नांगर आडवा ओढला जातो. शेतात बैल नांगर पुढे ओढतात तेव्हा फाळ जमिनीत शिरतो, आणि नांगर वर उचलला की फाळ बाहेर येतो. इथेही तसंच. आडवं ओढलं की आकडे रुततात, उभं वर ओढलं की सुटतात.

३) म्हणून दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ लांब सोडतात. पाणी दहा हात खोल असेल तर निदान तीस हात दोरी सोडायची. वारा जास्त असेल तर आणखी सोडायची. आम्ही दोरीला दर पाच हातांवर एक गाठ मारली. गाठी मोजल्या की किती दोरी गेली ते कळतं.

४) कधी कधी आकडे दगडात अडकतात. त्याला आजोबांनी युक्ती केली. साखळी नांगराच्या वरच्या कडीला न जोडता खाली आकड्यांजवळ जोडली. मग ती दांड्यावरून वर आणून वरच्या कडीला फक्त सुतळीने बांधली. नांगर अडकला तर होडी बरोबर त्याच्या वर नेऊन जोराने ओढायचं. सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन बाहेर येतो.

५) आता सगळ्यात महत्त्वाचं. दोरी होडीच्या टोकालाच हवी, बाजूला कधीच नको. टोकाला दोरी असली की होडी वाऱ्याकडे तोंड किंवा पाठ करून सरळ राहते. पण चिंचोळ्या होडीत उठून टोकापर्यंत गेलं तर होडी डुलते. मग बसल्या जागेवरून दोरी टोकाला कशी न्यायची?

गुरुजींनी पुस्तकात कयाक नावाच्या होडीचं चित्र दाखवलं. ही होडी उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. पूर्वी ते ती सील माशाच्या, म्हणजे खरं तर सील नावाच्या प्राण्याच्या, कातड्याची करत. आता लोक प्लास्टिकच्या कयाकमधून मासे धरतात. त्या कयाकच्या बाजूला पुढे एक कप्पी, मागे एक कप्पी आणि दोन्हींमधून फिरणारी दोरी होती. मी म्हणालो, "गुरुजी, ही तर आपल्या झेंड्याची दोरी आहे, फक्त आडवी!" १५ ऑगस्टला आपण दोरी ओढतो आणि झेंडा वर जातो, तसंच हे. दोरीला मध्ये एक कडी बांधलेली असते. नांगराची दोरी त्या कडीतून ओवायची. नांगर टाकला की फिरती दोरी ओढायची, मग कडी टोकाला जाते. काका जागचे उठत नाहीत.

६) नांगराच्या दोरीचं आपल्याकडचं टोक बसायच्या जागेजवळ बांधायचं. पण गाठ अशी हवी की एक टोक ओढलं की लगेच सुटेल. त्या टोकाला तेलाचा डबा बांधायचा. संकट आलं तर गाठ ओढून सगळी दोरी पाण्यात सोडून द्यायची. डबा तरंगतो, म्हणून नंतर येऊन नांगर परत मिळतो.

काळजी : गाठ सुटली नाही तर दोरी कापायला विळा हाताशी ठेवावा. अंगात तरंगणारं जाकीट घालावं. तापी किंवा गिरणा नदीला पूर असताना होडी घेऊन जाऊच नये. जोराच्या धारेत नांगर टाकला तर पाणी होडीत चढतं.

पहिल्या दिवशी काका मेहरूण तलावात काठाजवळच नांगर टाकून बसले. वारा आला. होडी हळूच वळली आणि सरळ उभी राहिली. मग काकांनी मुद्दाम गाठ ओढून दोरी सोडून पाहिली. डबा पाण्यावर नाचत होता. काकू तेव्हा पहिल्यांदा हसली. आजोबा म्हणाले, "हाऊ डबा नई, हाऊ आपला जीव शे."

मित्रांनो, आपण गणपती बुडवायला तलावावर जातो. बोरं खायला जातो. पण मोठं माणूस बरोबर नसेल तर पाण्यात उतरू नका. आणि भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आईबाबांना विनंती, तुमच्या घरी होडी असेल तर आजच बघा, दोरी टोकाला आहे का? आणि गाठ एका ओढीत सुटते का?

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी