मांडवीची खोटी चिठ्ठी

पिंगळा मराठी माणसाला नवा नाही. राळेगणसिद्धीच्या शिवारात काय किंवा पुण्याच्या एखाद्या पेठेत काय, जुन्या झाडाची ढोली किंवा पडक्या भिंतीतलं खबदाड त्याला बिऱ्हाडाला पुरतं. पहाटेच्या अंधारात दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी नावही त्याचंच लावतो. या घरोब्याच्या पक्ष्याचा रानातला भाऊबंद, रानपिंगळा, मात्र १८८४ नंतर असा नाहीसा झाला की ११३ वर्षं त्याचा ठावठिकाणा लागला नाही. खानदेशातल्या या बेपत्ता प्रकरणात चोरी आहे, बनावट कागद आहे आणि गुन्हेगार चक्क लष्करातला कर्नल आहे.

आधी बेपत्ता झालेल्याची ओळख. डिसेंबर १८७२ मध्ये ब्लूइट नावाच्या गृहस्थाने आजच्या छत्तीसगडात एक पक्षी मिळवला. अ‍ॅलन ह्यूमने, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूमने, १८७३ साली त्याला ब्लूइटचंच नाव दिलं. त्यानंतर खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ या काळात शहादा-तळोद्याच्या रानात आणखी काही पक्षी टिपले. पक्षी मारायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची, ही तेव्हाची पक्षिशास्त्राची रीत. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे असे जेमतेम सात नमुने उरले. जिवंत पक्षी कोणाला दिसेना.

सातांपैकी एक नमुना कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेनच्या संग्रहात होता. चिठ्ठीवर लिहिलेलं : मांडवी, तापीकाठ, गुजरात, १९१४. म्हणजे डेव्हिडसननंतर तीस वर्षांनीही पक्षी होता, आणि तोही गुजरातेत! साहजिकच शोध तिकडे वळला. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनी मांडवीच्या बाजूला त्याचा माग काढून पाहिला. हाती काही लागलं नाही. अधूनमधून कोणी छायाचित्र पुढे करी आणि तो साधा पिंगळाच निघे.

माइनर्ट्झहागेन हा बडा असामी होता. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हाती मुद्दाम खोट्या कागदांची पिशवी पडू देऊन त्याला चकवल्याची कथा तो स्वतःच्या नावावर सांगे. त्या कथेतही त्याने पदरचं बरंच घातलं, असं आता अभ्यासक म्हणतात. ब्रिटिश म्युझियमने त्याला पक्षिविभागात यायला एकदा बंदीही केली होती, पण पुढे ती उठली. वजनदार माणसाच्या बाबतीत संस्था किती लवकर विसरतात, याचं हे उदाहरण आपल्याकडच्या वाचकाला फार परकं वाटू नये. १९६७ साली तो गेला तेव्हा त्याचा संग्रह नावाजलेला होता.

या नावाला तडा गेला तो नव्वदच्या दशकात. दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथाचं काम पामेला रासमुसेन ही अमेरिकी संशोधक करत होती. चिठ्ठ्या पडताळताना कर्नलचे बरेच पक्षी तिला संशयास्पद वाटू लागले. मग ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहाशी ताडून बघणं आलं. पक्षी भरण्याची प्रत्येकाची एक हातोटी असते : कापूस कसा कोंबला, टाका कुठे घातला, हाडं किती ठेवली. मांडवीच्या पक्ष्याच्या क्ष-किरण तपासणीत हात दिसला तो डेव्हिडसनचा. कर्नलने म्युझियममधला खानदेशी पक्षी उचलला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि नवी चिठ्ठी बांधली होती. हा सगळा पुरावा नायजेल कॉलर यांच्यासोबत तिने १९९९ मध्ये प्रसिद्ध केला.

माझ्या मते या कथेतला कळीचा क्षण पक्षी सापडण्याचा नाही, मांडवी नकाशावरून पुसली गेली तो आहे. कारण मग उरले ते जुने, खरे पत्ते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या रानांत फिरून रिकाम्या हाताने आले आणि मग शहाद्याला पोचले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी उघड्या फांदीवर बसलेला एक पिंगळा किंगच्या नजरेस पडला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद पट्टा, खाली स्वच्छ पांढरं पोट, पाय पांढऱ्या पिसांनी जाड. पक्षी उडून जाण्याआधी त्यांनी चित्रीकरण केलं. पुरावा म्हणून गोळी घालण्याचा जमाना सुदैवाने गेला होता.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो पुढल्या वर्षी. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी केली, तेव्हा तोरणमाळ आणि मेळघाटातही पक्षी मिळाले. रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे लपून बसायची त्याची सवय नाही. त्याला सागाचं विरळ रान आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. संकट आहे ते तिथेच : तोड, वणवे, रानात सरकत आलेली शेती. शिवाय घुबडाच्या अंगाला मंत्रतंत्राची जी कीर्ती चिकटली आहे, ती त्याच्याही जिवावर उठते.

२०१४ मध्ये तो मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसाच्या अभयारण्यात दिसला. मुंबईचे हौशी पक्षिनिरीक्षक तिथे वर्षानुवर्षं जात होते, आणि वाट चुकवायला तिथे कोणा कर्नलची चिठ्ठीही नव्हती. २०१८ साली जागतिक यादीत त्याची वर्गवारी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली, ती मुख्यतः अशी नवी ठिकाणं कळत गेल्यामुळे.