पेडल धरणारा आणि पाना धरणारा

ब्रेकच्या नळीत हवा शिरली म्हणजे ती काढण्यास दोन माणसे लागतात. एकाने आत बसून दोन-तीनदा पंप मारावा आणि पेडल दाबून धरावे; दुसऱ्याने चाकाशी उताणे पडून पान्याने निपल अर्धा फेरा सैल करावे, बुडबुड्यांसह ऑइल बाहेर पडले की ते आवळावे, आणि मगच ‘सोड’ म्हणून आवाज द्यावा. निपल आवळण्यापूर्वी पाय उचलला गेला, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत येते आणि सारे श्रम व्यर्थ जातात. जुन्या फियाट गाड्यांची दुरुस्ती रविवारच्या सकाळी एकत्र जमून स्वतःच्या हातांनी करणारे जे हौशी लोक मुंबई-पुण्यात आहेत, त्यांच्या छंदाचे मर्म मला या एका कामात साठलेले दिसते.

मुंबईस मोटारींची जुळणी नवी नव्हती; शिवडीला जनरल मोटर्सने ती १९२८ सालीच सुरू केली होती. परंतु पेट्यांत भरून आलेले परदेशी भाग जोडणे निराळे आणि गाडी येथे घडवणे निराळे, हा भेद ओळखून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि क्रायस्लरच्या सहकार्याने आरंभ झालेला तिचा कुर्ल्याचा कारखाना पुढे इटलीच्या फियाटकडे वळला. १९६४ साली ११०० डिलाइट आली. तीच गाडी किरकोळ फेरबदलांनिशी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ साली थांबले, कुर्ल्यात मात्र ते त्यानंतर सुमारे तीन दशके चालले.

परवान्यांच्या त्या अमदानीत, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर पदरी पडलेली गाडी बदलण्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नसे, म्हणून ती टिकवण्याची विद्या घरोघर रुजली. गाडीही अशी सरळ प्रकृतीची, की १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, सारे बॉनेट उघडताच हाताशी येई. प्लगच्या टोकाची काजळी पाहून मिश्रणात पेट्रोल अधिक जात असल्याचे ओळखणे, फिलर गेजची पाती सरकवून टॅपेट लावणे, किंगपिनला वेळेवर ग्रीस देणे, उन्हाळ्यात घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबली तर पंपावर ओले फडके घालून स्वस्थ बसणे, हे सारे ज्ञान मेस्त्रींच्या शेजारी उभे राहिल्याने मिळे.

कारखाना थांबला आणि ही व्यवस्था विस्कटली. काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर जी गॅरेजे चालत, त्यांचे कामही टॅक्सींबरोबर ओसरले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने, २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. जे ज्ञान एका छपराखाली नांदत होते, ते आता अनेक घरांत विखुरले आहे. एकाला कार्बोरेटर उघडता येतो. दुसऱ्याला नमुन्याबरहुकूम बुश घडवून देणारा लेथवाला ठाऊक असतो. तिसरा चोर बाजारातल्या ढिगातून फियाटचा दिवा नेमका उचलतो. दरवाज्याच्या रबरी बीडिंगसाठी साचा करणे एकट्याला परवडत नाही, वीस जणांनी वर्गणी काढली की परवडते. आणि या गाडीला स्वतंत्र चासी नसल्याने, पत्रा हाच तिचा कणा असल्याने, पावसाळ्यांनी तळ कुजला असता कोठवर कापावे आणि कोठे जोड द्यावा याचा निर्णय, ते काम पूर्वी केलेला माणूस शेजारी असल्याखेरीज नवख्याने घेऊ नये.

फेरफारांविषयी या मंडळींत तीव्र मतभेद आहेत. कोणी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतो, कोणी टाकीजवळ विजेचा पंप लावून वाफेचा त्रास मिटवतो, कोणी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देतो. तर कोणाला कारखान्याचा एक स्क्रूही बदललेला खपत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणी-दाखल्यातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करण्यास मनाई करते. २०२१ च्या नियमांनीही पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देताना मूळ रूप राखण्याची अट घातली. माझे मत असे, की या चौकटीत राहून चालवणाऱ्याचा जीव राखणारा बदल अवश्य करावा, परंतु काढलेला मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून जपावा. कारण गाडी आपल्यामागे दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन होणार आहे, आणि तिला पूर्वरूप देण्याची मुभा त्याच्यापासून हिरावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ब्रेकची हवा काढताना पेडलवर पुष्कळदा घरातले मूल बसलेले असते. त्याचा पाय जेमतेम पोहोचतो आणि चाकाशी काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. तरी खालून येणाऱ्या आवाजावर भरवसा ठेवून, पोटरी भरून आली तरी, ‘सोड’ ऐकू येईपर्यंत ते पाय उचलत नाही. गाडी चालवण्यास त्याला अजून कित्येक वर्षे अवकाश असतो. ती राखण्याचे काम मात्र त्याने सुरू केलेले असते.