काजूच्या मळ्यातील मूक मजूर

आगमनकाळात, ७ डिसेंबरला, ख्रिस्तसभा संत अँब्रोज यांचा सण पाळते. मधमाश्या पाळणाऱ्यांचे ते आश्रयदाते संत. आपल्या खानापूर-चंदगडच्या डोंगरउतारांवर काजूचा मोहोर फुटू लागतो तो याच सुमारास. आणि याच दिवसांत फवारणीचा पंपही खांद्यावर चढतो.

काजूचे परागकण चिकट असतात. वारा ते फारसे वाहून नेत नाही. तुऱ्यातील बहुतेक फुले नर असतात, फळ धरू शकणारी थोडीच. त्या थोड्या फुलांपर्यंत पराग पोहोचविण्याचे काम मधमाश्या, माश्या व इतर कीटक करतात. त्यांच्यावाचून झाड मोहोराने भरलेले दिसेल. पण बी धरणार नाही.

याच मोहोरावर ढेकण्या नावाची कीड पडते. कोवळी पालवी व तुरे यांतील रस ती शोषते. तेथे काळे डाग पडतात आणि तुरा करपल्यासारखा वाळतो. वर्षाची कमाई डोळ्यांदेखत जात असता शेतकरी औषधाकडे धावला, तर त्याला दोष कोण देईल? परंतु विषाला शत्रू-मित्र कळत नाही.

केरळातील कासरगोड येथे याच किडीसाठी २००० सालापर्यंत सुमारे वीस वर्षे काजूच्या मळ्यांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. त्या परिसरातील अनेक कुटुंबांच्या वाट्याला मुलांची व्यंगे व असाध्य दुखणी आली. लोकांनी दीर्घ लढा दिला, तेव्हा २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली.

मग हात बांधून बसावे काय? मुळीच नव्हे. आधी झाडे हिंडून पाहावीत. पालवीवर कीड दिसताच, फुले उमलण्यापूर्वीच तिचा बंदोबस्त करावा. तोही कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारू नये. फुलोऱ्यात फवारणे अटळच झाले, तर मधमाश्या पोळ्यात परतल्यावर, सायंकाळी, आणि कीड असलेल्या झाडांवरच फवारावे. बांधावरची रानफुले सरसकट कापू नयेत. काजूचा बहर नसतो तेव्हा मधमाश्या त्यांवरच जगतात.

पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्याही जाळू नयेत. त्या चावतात खऱ्या. पण ढेकण्याचीही शिकार करतात. चीनमधील बागाईतदार अनेक शतके संत्र्याच्या झाडांवर अशा मुंग्या मुद्दाम सोडीत आणि त्यांना जाण्यायेण्यासाठी झाडाझाडांमध्ये बांबू बांधीत.

परमेश्वराने मानवाला बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. मशागत आपण करतो, राखण विसरतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात विषारी औषधांनी नष्ट होणाऱ्या उपकारक कीटकांची आठवण करून दिली आहे.

पुनरुत्थानाच्या पूर्वरात्री मोठी मेणबत्ती उजळून जे स्तुतिगान गाइले जाते, त्यात मधमाश्यांच्या श्रमाचाही गौरव आहे. त्या दिवसांत आपल्या अंगणात काजूची बी वाळत असते. तीही त्यांच्याच श्रमाची आहे, हे त्या रात्री आपण आठवावे.